शेवटचा अर्धा मिलिमीटर

कारखान्यातून आलेली कोरी गिटार वाजते, पण ती नीट वाजवता यावी म्हणून तिच्यावर आणखी काही काम करावं लागतं. हे काम, म्हणजे सेटअप, विक्रीच्या आधीच का व्हायला हवं, याची कारणं तारेच्या आणि लाकडाच्या विज्ञानात आहेत.

गिटार शिकणाऱ्याची पहिली खरी परीक्षा ‘एफ’ कॉर्ड घेतो. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा पहिल्या फ्रेटवर एकदम दाबायच्या असतात. बोट ठणकतं, दोन-तीन तारा मुक्या राहतात आणि ज्या बोलतात त्या बेसूर लागतात. ‘सराव कर, जमेल,’ असं सगळे सांगतात. सराव तर हवाच, पण कित्येकदा दोष बोटांचा नसून नटचा असतो. खुंट्यांकडून येणाऱ्या तारा ज्या खाचांमधून फ्रेटबोर्डवर उतरतात, ती हाडाची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी म्हणजे नट.

तार जितकी उंच, तितका ती दाबायला जोर जास्त लागतो. त्यातही तारेच्या टोकाशी हा जोर फार वाढतो. नटपासून ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर अंतर असलेल्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून अवघ्या ३६ मिलिमीटरवर येतो. मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर, तार अर्धा मिलिमीटर खाली न्यायला जेवढा जोर लागतो, त्याच्या चार-पाच पट जोर पहिल्या फ्रेटवर लागतो. दाबलेली तार ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो. त्यामुळे नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील, तर मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक दिसतात आणि कॉर्ड धरला की सूर बिघडतो. शिकणारा मात्र आधी बोटांना आणि मग कानाला दोष देतो.

कारखान्याचं काम कुठे संपतं?

फ्रेटच्या जागा हा आता अडचणीचा विषय राहिलेला नाही. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१च्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी सोपा नियम दिला होता : तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट बसवायचा. आज १८ऐवजी १७.८१७ हा आकडा वापरतात आणि संगणकावर चालणारी यंत्रं फ्रेट बसवायच्या खाचा अगदी नेमक्या कापतात. स्वस्तातल्या गिटारचे फ्रेटही सहसा योग्य जागी असतात. प्रश्न उंचीचा असतो, आणि उंची ठरते ती प्रत्येक गिटारच्या लाकडावर.

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की अकूस्टिक गिटारच्या नेकवर साधारण ७० किलोचा ताण येतो आणि ती पुढे वाकू पाहते. तिला सावरायला नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट १९२३ साली मिळालं. त्यात हवामानाची भर पडते. लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. चीन किंवा इंडोनेशियातल्या कारखान्यात आर्द्रता साधारण ५० टक्क्यांवर ठेवलेली असली, तरी तिथून निघालेली गिटार जुलैत मुंबईत पोहोचली, की तिची पातळ वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा वर येतात. तीच गिटार मे महिन्यात नागपूरला गेली, तर फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात आणि हाताला बोचतात.

वाटेत काय होईल हे कारखान्याला ठाऊक नसतं. तारा खाली ठेवल्या आणि नेक जराशी सरकली, तर तार फ्रेटवर आपटून खरखरते आणि गिटार परत येते. उंच तार खरखरत नाही. म्हणून बऱ्याच कारखान्यांत तारा मुद्दाम थोड्या उंच सोडतात.

सेटअपचा क्रम

सेटअप करणारा कारागीर आधी तारा सुरात लावतो. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरतो आणि सातव्या फ्रेटजवळ फिलर गेजची पाती सरकवून बघतो. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच हे फिलर गेज. तिथे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी, कारण तार मध्यावर सर्वांत जास्त थरथरते आणि तिला तेवढी जागा लागते. फट कमी-जास्त असेल, तर ट्रस रॉडचा नट पाव फेऱ्याहून कमी फिरवून पुन्हा मोजायचं.

त्यानंतर उंच राहिलेले फ्रेट घासून समतल करायचे. मग नटची पाळी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली पाहिजे. कानशीचा एक हात जास्त फिरला, तर मोकळी तार खरखरायला लागते आणि अख्खा नट बदलावा लागतो. ब्रिजवरच्या सॅडलचा हिशेब सोपा आहे : बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली हवी असेल, तर सॅडल तळातून एक मिलिमीटर घासायचं, कारण बारावा फ्रेट मध्यावर असतो. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर ताडून बघायचे. दोन्ही जुळले, तर गिटार सुरात आहे.

मिरजेत हे नवं नाही. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी लावल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. घोडीचा माथा घासून, तार छेडून, कान देऊन तो पुन्हा घासतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. जवारी हा तंबोरा घडवण्याचाच एक टप्पा असतो. गिटारचा सेटअपही तसाच धरला पाहिजे, कारण त्याची सर्वाधिक गरज नवशिक्याला असते आणि तो मागून घेण्याइतकी माहिती त्याच्याकडेच नसते. मुरलेला वादक वाईट सेटअप मिनिटभरात ओळखतो. मूल मात्र ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून गिटार खाली ठेवतं.

म्हणून गिटार घेताना लाकडाच्या चकाकीआधी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटकडे बघा आणि सेटअप झाला आहे का, हे दुकानदाराला विचारा. दुकानदारांनीही नेकची फट आणि बाराव्या फ्रेटवरची उंची, हे दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक गिटारला बांधावी. सेटअपचा खर्च किमतीत धरला, तरी गिऱ्हाईक तो आनंदाने देईल, आणि त्यातली बरीच मुलं पुढच्या वर्षीही गिटार वाजवत असतील.