केबिन आणि चॅसिसमधले तीन इंच

अमेरिकेत जुना पिकअप ट्रक घेतला की थोड्याच दिवसांत मोठी चाकं लावायची हुक्की येते. चाकं आणून लावावीत तर वळताना ती मडगार्डला घासतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘बॉडी लिफ्ट कर, घरच्या घरी होतं.’ ते खरं आहे. दोन माणसं, एक शनिवार-रविवार आणि बरी हत्यारं असतील तर होतं. फक्त त्यात नेमकं काय करायचं असतं, ते आधी समजून घ्यायला हवं.

टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले एस-१० अशा ट्रकची बांधणी दोन थरांची असते. खाली चॅसिस, म्हणजे पोलादी तुळयांची लांबलचक चौकट. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पेट्रोलची टाकी तिलाच धरून असतात. वर केबिन आणि मागचा हौदा, दोन्ही रबरी बुशांवर बोल्टने बसवलेले. चौरंग जागच्या जागी ठेवून वरच्या मखराखाली चार विटा सरकवाव्यात, तसं हे काम आहे. विटांच्या जागी कडक प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे गोल ठोकळे येतात, साधारण एक ते तीन इंच उंचीचे.

चौरंग जागेवरच राहतो, हे मात्र विसरू नका. बॉडी लिफ्टने ट्रकचं पोट जमिनीपासून एक सूतभरही वर जात नाही. वाढते ती चाकावरची मोकळी जागा. त्या जागेत ३१ इंचांऐवजी ३३ इंच व्यासाची चाकं बसली, तर चाकाचा मध्य एक इंच वर जातो आणि दगडधोंड्यांवरून जाताना उपयोगी पडणारी खरी उंची तेवढीच मिळते. तीन इंचांची खटपट करून एक इंच! खडकाळ वाटेवर जायचं असेल, तर स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून केलेली सस्पेन्शन लिफ्टच हवी. ती बरीच महाग पडते. बॉडी लिफ्ट स्वस्त असते आणि चालण्या-वळण्याच्या मूळ भूमितीला हात लावत नाही, हा तिचा मोठा गुण.

कायद्याचंही बघून घ्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात केबिनचा तळ चॅसिसच्या माथ्यापासून पाच इंचांहून वर असून चालत नाही, शिवाय चॅसिसच्या उंचीवर वजनानुसार वेगळी मर्यादा आहे. आपल्या राज्याचा नियम वाचूनच सामान मागवा. आणि हे वाचून भारतातल्या कुणाला आपल्या बोलेरोवर हात चालवावासा वाटला, तर थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता ट्रकखाली शिरा आणि हातोडीने चॅसिस ठोकून पाहा. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चॅसिस आतून खातं. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळायला लागले, तर लिफ्टचा विचार सोडून द्या. १९९५ ते २००० च्या टॅकोमांत हा रोग इतका होता की टोयोटाने २००८ मध्ये चॅसिसच्या गंजावरची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फारच कुजलेले ट्रक परत विकत घेतले. जुना टॅकोमा स्वस्तात मिळत असेल, तर आधी त्याची चॅसिस बघा.

सामान म्हणजे किट आपल्याच ट्रकचं, त्याच सालाचं आणि त्याच गिअरबॉक्सचं घ्या. त्यात ठोकळ्यांबरोबर लांब बोल्ट, जाड वायसर, स्टिअरिंगचा जोडतुकडा आणि बंपरच्या पट्ट्या असायला हव्यात. बोल्टच्या माथ्यावर मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या सहा रेघा असतील तर तो ग्रेड ८ चा, म्हणजे भक्कम पोलादाचा. मेट्रिक बोल्टवर १०.९ हा आकडा असतो. जुनेच बोल्ट पुन्हा वापरायचा मोह टाळा. मधे तीन इंचांचा ठोकळा आल्यावर ते नटापर्यंत पोचणारच नाहीत, आणि एक इंचाच्या लिफ्टमध्ये पोचले तरी दोन-तीन आट्यांवर लटकतील. इकडे काही बहाद्दर आइस हॉकीच्या रबरी चकत्या लावतात, कारण त्या बरोबर एक इंच जाडीच्या असतात. त्यांचं ऐकू नका. एकावर एक ठोकळे रचणं तर त्याहून वाईट.

कामाच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी केबिनच्या प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. कंटाळवाणं आहे, पण अर्धं यश यातच आहे.

कामाच्या दिवशी ट्रक सपाट काँक्रीटवर उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावा आणि बॅटरीची ऋण तार काढा. ट्रक शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवरच राहतो. उचलायची असते फक्त केबिन.

जॅकला हात लावण्याआधी टॉर्च घेऊन बसा. केबिन वर जाणार, इंजिन आणि चॅसिस खालीच राहणार. तेव्हा या दोघांना जोडणारी प्रत्येक तार, नळी आणि दांडा तीन इंचांनी ताणला जाणार. तो शोधणं हेच बॉडी लिफ्टचं खरं काम, उचलणं अर्ध्या तासाचं. बॉनेट उघडा आणि मागच्या पत्र्यापासून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपासून, निघणारी एकेक गोष्ट बोटाने खालपर्यंत माग काढत जा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ब्रेकच्या पोलादी नळ्या केबिनवरच्या सिलिंडरमधून निघून चॅसिसवर उतरतात. त्यांची एखादी क्लिप सोडली की बहुधा पुरेशी ढील मिळते. नळी गंजलेली असेल, तर ती वाकवू नका, आधी नवी टाका. इंजिनापासून भिंतीकडे जाणारी विणलेली जाड तांब्याची पट्टी म्हणजे अर्थिंग. ती तुटली तर दिवे मिणमिणतात, काटे नाचतात, आणि दोष कुठे आहे ते दिवसभर सापडत नाही.

जुन्या ट्रकमध्ये ॲक्सिलरेटरची केबल असते. ती ताणली गेली, तर पाय न ठेवताही इंजिन घुमायला लागतं. केबलच्या टोकाच्या नटांनी तिला ढील द्या. ऑटोमॅटिक गिअरची केबल याहून धोक्याची: दांडा ‘पार्क’वर दिसतो, पण गिअरबॉक्स तिथे पोचलेलाच नसतो, आणि उतारावर ट्रक चालू लागतो. एसीच्या नळ्या मात्र उघडू नका. त्यातला वायू हवेत सोडणं अमेरिकेत गुन्हा आहे. त्यांच्या क्लिपा सोडून जेवढी मोकळीक मिळेल तेवढीच घ्या.

स्टिअरिंगचा दांडा केबिनमधून खाली चॅसिसवरच्या यंत्रणेला जाऊन भिडतो, म्हणून तो लांब करावा लागतो. आधी चाकं सरळ करा, किल्ली काढून स्टिअरिंग लॉक करा, वर सीटबेल्टनेही बांधून टाका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची खूण करून मगच सांधा सोडवा. ही बांधाबांध यासाठी, की स्टिअरिंगच्या मागे एअरबॅगला वीज पोचवणारी पातळ फीत गुंडाळी करून ठेवलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. दांडा सुटलेला असताना कुणी सहज चक्र गरगर फिरवलं, की फीत तुटते. मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा राहत नाही. जोडतुकडा बसवताना त्याचा बोल्ट दांड्याच्या खोबणीतून आरपार गेला आहे, हे डोळ्यांनी पाहा.

आता केबिनचे सगळे बोल्ट सैल करा. पुष्कळ ट्रकमध्ये ते वर केबिनच्या पोटात डकवलेल्या नटांत फिरतात, आणि हमखास घोळ होतो तो इथेच. गंजाने नटाचा डाक सुटतो, बोल्टबरोबर नटही फिरायला लागतो, आणि तासभर पाना फिरवला तरी बोल्ट तसूभर खाली येत नाही. अशा वेळी जोर वाढवू नका. आतली सतरंजी उचला, त्या जागेच्या वर पत्र्याला लहान खिडकी पाडा, पान्याने नट धरा आणि खालून बोल्ट सोडवा. नंतर खिडकीवर पत्रा लावून, कडा सीलंटने बुजवून, रंग मारा. नाहीतर पाणी शिरून तिथेच पुढचा गंज सुरू होतो.

पहिल्यांदा एकाच बाजूचे बोल्ट पूर्ण काढा. दुसऱ्या बाजूचे फक्त सैल ठेवा, काढू नका. तेच केबिनला घसरू देत नाहीत. जॅकवर जाड, लांब फळी ठेवा, म्हणजे पत्रा चेपणार नाही, आणि केबिनच्या काठाजवळच्या मजबूत भागाखाली लावा. मग जॅकचा दांडा हळूहळू दाबायचा आणि दर इंचाला थांबायचं. दुसऱ्या माणसाने तेवढा वेळ बॉनेटखाली टॉर्च धरून बसायचं आणि काही ताणलेलं दिसलं की ‘थांब’ म्हणायचं. त्याचं एवढंच काम, पण ते नसेल तर जॅक उचलू नका.

फटीत ठोकळा सरकवताना हात आत घालायचा नाही. ठोकळा बाहेरून चिमटीत धरून, नाहीतर काठीने ढकलून बसवा, आणि ठोकळ्याशेजारी एक लाकडी तुकडा अडकवून ठेवा. जॅक सुटला तर केबिन लाकडावर बसेल, बोटांवर नाही. ठोकळा चॅसिसवरच्या रबरी बुशावर सरळ बसला की केबिन खाली घ्या आणि नवे बोल्ट हातानेच चार-पाच आटे फिरवा. पान्याने आवळायची घाई आत्ता नको. दुसऱ्या बाजूलाही असंच. सगळ्या भोकांतून बोल्ट सहज जाईपर्यंत केबिन इकडेतिकडे सरकवावी लागते. एक बोल्ट आधीच आवळून बसलात, तर शेवटचं भोक जुळत नाही.

हौद्याचं काम त्यामानाने सोपं. फोर्डच्या काही ट्रकमध्ये त्याच्या बोल्टच्या माथ्यावर ताऱ्याच्या आकाराची खोबण असते आणि ती मातीने भरलेली असते. आधी टोच्याने ती साफ कोरून काढा, नाहीतर पाना घसरून खोबण गोल होते. उचलण्याआधी पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू काढा, कारण तोंड हौद्यावर असतं आणि टाकी चॅसिसवर. पुन्हा बसवताना नळीला घडी पडली तर पंपावर पेट्रोल भरताना पाइप दर दोन सेकंदांनी खटकन बंद पडतो. केबिन उचलून हौदा तसाच ठेवणारेही पाहिले आहेत. तो ट्रक पाठीत वाकलेला दिसतो.

आता इंजिनाचा पंखा. रेडिएटर केबिनबरोबर वर गेला, पंखा इंजिनावरच राहिला. त्यामुळे पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं पात्याला घासतं. किटमध्ये रेडिएटर खाली घेणाऱ्या पट्ट्या असतील तर त्या लावा, नसतील तर कडं खाली सरकवा किंवा तेवढा भाग कापा. बॅटरी जोडण्याआधी पंखा हाताने पूर्ण फिरवून पाहा.

हाताने गिअर टाकायचा ट्रक असेल, तर गिअरचा दांडा गिअरबॉक्सबरोबर खालीच राहिलेला असतो आणि केबिनच्या जमिनीतल्या भोकाच्या कडेला टेकतो. गिअर पडल्यासारखा वाटतो, पण चढावर आपोआप निसटतो. प्रत्येक गिअर टाकून पाहा, रिव्हर्सही. फोर-व्हील-ड्राइव्हचा दांडाही तसाच तपासा. अडत असेल तर भोक मोठं करा किंवा दांड्याला किटमधला वाकडा जोड लावा.

बंपर चॅसिसवर असल्याने तो खाली राहतो आणि वर तीन इंचांची फट दिसते. किटमधल्या पट्ट्यांनी बंपर वर घ्या. चाकाच्या वरून चॅसिस आणि केबिनमधला उजेड दिसतो, तोही काहींना खटकतो. त्यासाठी रबरी झापडं मिळतात. ती लावणं न लावणं आपल्या हौशीचा भाग.

सगळं जुळल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. हा पाना ठरलेल्या ताणाला ‘कट्’ असा आवाज देतो. आकडा किटच्या कागदावर दिलेला असतो, तोच पाळा. जास्त आवळलं तर रबरी बुश चेपून केबिनमध्ये गचके बसू लागतात.

मग बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा आणि उभ्या ट्रकवर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून नळ्यांवर ओल दिसते का ते बघा. हेडलाइट तीन इंचांनी वर गेल्यामुळे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो, म्हणून भिंतीसमोर ट्रक उभा करून तो खाली आणा. चाकं ३१ वरून ३३ इंचांची केली असतील, तर वेगाचा काटा ६० मैल दाखवेल तेव्हा प्रत्यक्ष वेग ६४ च्या आसपास असेल, आणि तिकीट मिळेल ते त्या ६४ चं.

पहिल्या पाचशे मैलांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवे ठोकळे आणि जुनी रबरं एकमेकांत बसता बसता थोडी दबतात, आणि तेवढ्यात दोन-तीन बोल्ट सैल झालेले सापडतात.