न पाहिलेल्या नाटकाविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठून विचारलं होतं, "सर, नाटकाला सेन्सॉर हवा की नको, एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगता येत असतं तर आम्ही इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवत बसलो नसतो. पण प्रश्न टाळणार नाही. त्यासाठी आधी पुण्यात जाऊ, १९७२ सालात.

त्या वर्षी १६ डिसेंबरला भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झालं. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं. कनोजहून आलेला घाशीराम आपली मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवतो. माणसांची एक भिंत हे सगळं बघत, गात, डोलत उभी असते. पुण्यात खळबळ उडाली. ब्राह्मणांची बदनामी, नानांचा अपमान, इतिहासाचा विपर्यास असे आरोप झाले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं तेंडुलकर सांगत होते. ते कोण ऐकतो! एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबलं.

थांबवलं कोणी? वर्गात हे विचारलं की मुलं चटकन म्हणायची, सरकारने. तसं नाही. ज्या संस्थेने नाटक बसवलं, तिनेच ते थांबवलं. मग कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले.

आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. वसतिगृहात निषेधाचा कागद फिरत होता, त्यावर आम्ही सही केली. नाटक पाहिलं होतं का? नाही. पाहण्याची गरजही वाटली नाही. सही करणाऱ्या आमच्या खोलीतल्या चौघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट आम्ही व्याख्यानात फारशी सांगत नाही, पण आजच्या विषयात ती दडवणं बरं नव्हे.

आता जरा कायद्याकडे बघू. १८७६ साली ब्रिटिश सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदा केला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला. १९०७ चं नाटक, १९१० मध्ये बंदी. गंमत अशी की हा १८७६ चा कायदा कागदोपत्री रद्द व्हायला २०१८ उजाडलं. पण महाराष्ट्रात रोजचा संबंध येतो तो वेगळ्या व्यवस्थेशी. इथे नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, मंडळ ती वाचणार, हवी तर वाक्यं काढायला सांगणार आणि मग प्रमाणपत्र. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी हा झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. कमलाकर सारंगांनी तो सगळा काळ 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवलाय, जरूर वाचा.

मंडळ संहिता वाचतं, नाटक पाहत नाही, हे ध्यानात घ्या. 'गिधाडे'ची हकीकत नाट्यवर्तुळात अजून सांगतात. एका स्त्रीच्या वस्त्रावर रक्ताचा लाल डाग दिसणार होता. सेन्सॉरचा आक्षेप आला. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आलं, की निळा डाग हा लाल समजावा. नियम पाळला गेला, बरं का! आणि लाल डाग जितका दिसला असता त्याहून जास्त दिसला. अर्थ कागदावर नसतो, तो बघणाऱ्यापाशी घडतो. म्हणून कागदावर कात्री चालवणाऱ्याला आपण नेमकं काय कापलं हे कळत नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा आहे. प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवला, दैत्य चिडले, विघ्नं आली, नटांची वाचा आणि हालचाल खुंटली. इंद्राने आधी दंडा उगारला. त्याने भागलं नाही, तेव्हा नाट्यगृह बांधलं, त्यावर देव पहारेकरी नेमले. सर्वांत शेवटी ब्रह्मदेव दैत्यांशी बोलला: हे नाट्य फक्त तुमचं नाही आणि फक्त देवांचंही नाही, तिन्ही लोकांचे भाव यात आहेत. दंडा, भिंती, पहारा आणि मग संवाद, हा क्रम आपण अजून बदललेला नाही.

पण दैत्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांनी प्रयोग पाहिला होता. आमच्यापेक्षा ते बरे.

"माझा अपमान झाला" आणि "कुणाचा तरी अपमान होईल" ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. पहिलं करणारा माणूस समोर असतो. त्याला विचारता येतं, कुठल्या प्रसंगात, कसा? त्याचं चूक असेल, बरोबरही असेल. त्याने निषेध करावा, लिहावं, कोर्टात जावं. दुसऱ्या विधानाला मालकच नसतो. पूर्वपरीक्षण उभं आहे ते या दुसऱ्या विधानावर. कुणी म्हणेल, दंगल पेटल्यावर विचारत बसायचं का? चिथावणी देणाऱ्यासाठी कायदे आहेत. पण धमकी देणाऱ्याला सोडून नटाला गप्प बसवणं याला आम्ही शांतता राखणं म्हणत नाही. तेव्हा त्या श्रोत्याला आमचं उत्तर: आधीचा सेन्सॉर नको. एक शब्द मागितला होता, तीन झाले.

आता हे सांगणाऱ्याचंच एक. निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी आम्ही स्नेहसंमेलनाच्या समितीवर होतो. एका मुलाने एकांकिका लिहिली होती. त्यातली दोन वाक्यं आम्ही लाल पेनने खोडली. तो स्टाफरूममध्ये आला, शांतपणे म्हणाला, "सर, कोण चिडेल?" आम्ही म्हटलं, "लोक." तो म्हणाला, "कोण लोक?" आम्हाला एक नाव सांगता आलं नाही. तास होता, घंटा झाली, आम्ही उठलो.

एकांकिका त्या दोन वाक्यांशिवाय झाली. पुढच्या वर्षी त्या मुलाने संहिता दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.

मागे कुणाचा तरी हात केव्हापासून वर आहे. विचारा.