तीन शब्दांची जागा

घर घेतल्यावर सात महिन्यांनी काउंटीचं एक पाकीट आलं. घरपट्टी बँक परस्पर भरते हे माहीत होतं, म्हणून न फोडताच फ्रिजवरच्या टोपलीत टाकलं. ते नेहमीचं बिल नव्हतं. कॅलिफोर्नियात घराचा मालक बदलला की जुन्या आणि नव्या किमतीतल्या फरकावर एक पुरवणी बिल निघतं, आणि ते बँक सहसा भरत नाही. पाकीट हाती लागलं तेव्हा त्यावर दहा टक्के दंड चढला होता. शेजारीण म्हणाली, लायब्ररीत गुरुवारी एक म्हातारा बसतो, त्याला दाखव.

तो म्हातारा म्हणजे आमचे तलाठीकाका. हे नाव आमच्या घरातलं, त्यांना त्याचा पत्ता नाही. वय सदुसष्ट, निवृत्त लेखापाल, पायात पांढरे बूट आणि कानावर पेन्सिल. घराचा पत्ता सांगायच्या आधी हे प्लॉट क्रमांक विचारतात. माझा दंड काही माफ झाला नाही, पण त्या तासाभरात मला घरपट्टीचं बिल वाचता यायला लागलं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यामुळे पुढे ते काउंटीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा शनिवारचे चार तास देणं मला भागच होतं.

काउंटी म्हणजे जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कचेरी एकाच छपराखाली, शिवाय सरकारी इस्पितळं आणि तुरुंगही त्यांच्याच गळ्यात. आमच्या सॅन्टा क्लारा काउंटीत पंधरा शहरं, एकोणीस लाखांवर वस्ती, आणि कारभार बघायला पाच सुपरवायझर. म्हणजे एकेकाच्या वाट्याला पावणेचार लाखांहून जास्त माणसं. निवडणुकीत पक्ष नाही, चिन्ह नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव आणि त्याखाली त्याचा व्यवसाय. व्यवसायाला जास्तीत जास्त तीन शब्द.

या तीन शब्दांपायी काकांचा एक आख्खा आठवडा गेला. वीस ते चाळीस सूचकांच्या सह्या एका दुपारी झाल्या. पंधरावी माझी, नागरिक झाल्यावर कुणाच्या तरी अर्जावर केलेली पहिलीच. पण नावाखाली काकांना ‘करदात्यांचा कैवारी’ लिहायचं होतं. नियमावली आडवी आली. व्यवसाय म्हणून काय चालत नाही याची तिथे यादीच आहे: पती, पत्नी, देशभक्त, तत्त्वज्ञ, सुधारक, आणि त्याच रांगेत करदाता. कर भरणं ही स्थिती झाली, धंदा नव्हे. कैवार घेणं हाच आपला मुख्य उद्योग आहे असं दाखवायचं तर वेगळा तक्ता भरून पुरावे जोडायचे. काकांनी लायब्ररीतल्या गुरुवारांची वही जोडायला काढली, पानं मोजली आणि परत ठेवली. ‘फुकट केलेल्या कामाची पावती कुठून आणू?’ शेवटी नावाखाली छापलं गेलं ‘निवृत्त लेखापाल’. कैवारी फक्त अंगणात रोवायच्या पाट्यांवर राहिला.

प्रचाराची कचेरी त्यांच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर, आत दोन घडीची टेबलं, तारेच्या खुंट्यांचे भारे आणि मुलीच्या शाळेतला जुना प्रिंटर. देणगीची वही काका स्वतः लिहीत. शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याचं नाव, व्यवसाय, नोकरी कुठे, सगळं जाहीर करावं लागतं. आमच्या मराठी मंडळातल्या एकाने म्हणून अगदी मोजून नव्याण्णव दिले.

दारोदार फिरायला एप्रिलचा पहिला आठवडा निवडला होता, तो मुद्दाम. घरपट्टीचा दुसरा हप्ता 10 एप्रिलच्या आत भरावा लागतो, म्हणजे बिल घरात कुठेतरी समोरच पडलेलं असतं. बहुतेक उमेदवार दारात स्वतःची ओळख करून देतात. काका म्हणायचे, ‘बिल आहे का हाताशी? घेऊन या.’ लोक गोंधळायचे, पण दहातले तीन-चार तरी आत जाऊन घेऊन यायचे.

मग कानावरची पेन्सिल खाली यायची. पहिल्या ओळीवर गोल: हा मूळ एक टक्का. याला कुणीही हात लावू शकत नाही, मीसुद्धा. त्यात सगळ्यांत मोठा वाटा शाळांचा, मग काउंटी, शहर आणि इतर. त्याखाली बारीक अक्षरातल्या ओळी. जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे कधीतरी मतदारांनीच होकार दिलेलं एखादं कर्ज: शाळेच्या इमारतीचं, इस्पितळाचं. सगळ्यांत खाली सरसकट कर, बंगला असो की खोपटं, आकडा तोच. ‘यातल्या कुठल्या ओळीला तुम्ही मत दिलं होतं, आठवतंय?’ आठवणारा माणूस मला एकही भेटला नाही. मला स्वतःला माझी आठवली नव्हती.

त्या एक टक्क्याची गोष्ट इथल्या प्रत्येक वयस्कर माणसाला पाठ असते. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती चढल्या, त्यांच्या मागोमाग घरपट्टी चढली, आणि निवृत्त माणसांना घर विकायची वेळ आली. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या आणि 6 जून 1978 रोजी प्रस्ताव 13 जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला. मूळ कर किमतीच्या एक टक्का, आकारणीतली वाढ वर्षाला फार तर दोन टक्के, आणि बाजारभावाने नव्याने आकारणी घराची मालकी बदलल्यावर किंवा नवं बांधकाम झाल्यावरच.

या शेवटच्या अटीचा अर्थ सनीव्हेलच्या एका गल्लीत मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. डाव्या हाताच्या घरात ऐंशीच्या घरातल्या बाई, घर 1980 मध्ये घेतलेलं. त्यांचा मूळ कर तीन हजार डॉलरच्या आत. समोर तशाच मापाचं, त्याच बिल्डरचं घर, गेल्या वर्षी बावीस लाखांना घेतलेलं. कडेवर बाळ घेतलेल्या तरुणाच्या हातातलं बिल पंचवीस हजारांच्या वर. पेन्सिल खाली सरकत असताना त्याने शांतपणे समोरच्या घराकडे बोट दाखवलं. ‘आमचा कचऱ्याचा ट्रक एकच, रस्ता एकच. तुम्ही तिचे कैवारी की माझे?’

काका थोडे थांबले आणि म्हणाले, ‘मी बिलाच्या खालच्या भागाचा.’

उत्तर हिशेबनिसाचं होतं, उमेदवाराचं नव्हतं. त्या तरुणाचं मत तिथेच गेलं असावं. मला तो पटला, कारण मीही उशिरा घर घेतलेला. पण गाडीत बसल्यावर मनात आलं, आणखी तीस वर्षं याच घरात काढली तर समोरच्या बाईंच्या जागी मीच असेन, आणि तेव्हा प्रस्ताव 13 ला हात लावू पाहणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. ‘करदाता’ म्हणून एकच माणूस धरला तर पाटी छान दिसते. गल्लीत उभं राहिलं की त्याचे दोन होतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात.

शेवटच्या घराला कॅमेऱ्याची बेल होती. दाबली, तर डब्यातून मुलाचा आवाज आला, ‘सॉरी, घरी कोणी नाही.’ त्याच क्षणी दार उघडून आई बाहेर. दारातलं तोरण आणि माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव, दोघांनाही पुरलं.

‘अगंबाई, मराठी का तुम्ही? आत या ना. हे कोण?’

‘काकू, हे निवडणुकीला उभे आहेत. घरपट्टीचं काम बघतात.’

‘कमी करणार का?’

‘तसं थेट नाही करता येत. तो अधिकार त्यांना नाही.’

‘मग उभे कशाला राहिलेत?’

याचं भाषांतर मी जरा सौम्य केलं. काकूंनी पाणी दिलं, वर लाडूही. पुण्यात थकबाकीदाराच्या दारात महापालिका बँडवाले पाठवते हे त्यांनी सांगितलं, ते मात्र मी जसंच्या तसं पोचवलं. काका मनापासून हसले आणि विचारलं, वाद्यं कोणती? काकू सहा महिन्यांसाठी आलेल्या, मत नाही. डब्यातला मुलगा अजून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. फोनवरच्या यादीत त्या घरासमोर मी ‘भेट झाली नाही’ अशी नोंद केली. टपालाच्या पेटीत पत्रक टाकणं हा गुन्हा, म्हणून ते दाराच्या मुठीला अडकवून निघालो.

पण काकांचं खरं काम मला फिरण्यात दिसलं नाही. ते दिसलं मतदारांना घरी येणाऱ्या माहितीपुस्तिकेत. नवा कर किंवा नवं कर्ज मताला पडलं की एका पानावर बाजूचा मजकूर असतो आणि एका पानावर विरोधातला, तीनशे शब्दांच्या मर्यादेत. विरोधात कुणीच लिहिलं नाही तर ते पान तसंच रिकामं जातं. गेली कित्येक वर्षं आमच्या भागात त्या पानाखाली काकांची सही असते. यातले निम्मे प्रस्ताव मला स्वतःला योग्य वाटतात आणि मी त्यांना मतही दिलंय. तरी ते पान भरलेलं असावं असं वाटतं. इस्पितळाच्या कर्जावर आमचा कडाक्याचा वाद झाला होता. काकांनी माझे मुद्दे लिहून घेतले आणि त्यातल्या दोन मुद्द्यांना मजकुरात उत्तर दिलं.

मतमोजणीच्या रात्री आठ वाजून गेले आणि टपालाने आधी आलेल्या मतांचे आकडे झळकले. चार उमेदवारांत काका तिसरे. पहिले दोघे नोव्हेंबरच्या फेरीत गेले. काकूंनी त्यांच्यासाठी पाठवलेले लाडू गॅरेजच्या टेबलावर होते, कुणीतरी झाकण लावलं.

शनिवारी पाट्या उपटायला आम्ही दोघेच. ओल्या मातीतून तार ओढताना एक युक्ती असते, आधी जरा पिळायची. त्या तरुणाच्या गल्लीत पोचलो तर ऐंशीच्या घरातल्या बाई पाटी द्यायला तयार नव्हत्या. पाठकोरी बाजू टोमॅटोच्या वाफ्याला उपयोगी पडेल म्हणाल्या. काकांनी त्यांना ती ठेवू दिली, पाट्यांच्या यादीत पेन्सिलीने एक वजा केली आणि मला म्हणाले, ‘महिनाअखेर आकारणीची नोटीस येईल. टोपलीत टाकू नकोस. अपिलाला 15 सप्टेंबरपर्यंतच मुदत असते.’