शेजारच्या बाकावरचा गुन्हा

रहस्यकथेला पहिल्या दहा पानांत एक गोष्ट लागते. कुणाचे तरी काही तरी गेलेले असते आणि ते गेल्याचे त्याला ठाऊक असते. प्रेत सापडते, हार चोरीला जातो, मूल पळवले जाते; मग शोध सुरू होतो. ग्वाल्हेर आणि आसपासच्या जिल्ह्यांत जो गुन्हा वर्षानुवर्षे चालला, त्यात नेमकी ही पहिली पायरी नव्हती. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसला, यादीत नाव लागले नाही. घरच्यांनी समजूत घातली, नाही तर बोलणी ऐकवली. अभ्यास कमी पडला, हे त्याने स्वतःही मान्य केले. आपली जागा कुणी तरी पैसे देऊन उचलली, असा संशय यायला त्याच्यापाशी काहीच कारण नव्हते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच अन्यायाचा पत्ता नाही, अशा गोष्टीची कादंबरी कशी लिहायची?

किशोरांसाठी लिहिलेल्या थरारकथांना सध्या बरे दिवस आहेत, निदान इंग्रजीत तरी. परिस्थितीने गांजलेली मुलगी किंवा मुलगा, मोठ्यांनी फाइल बंद केलेले प्रकरण आणि ते पुन्हा उघडण्याचा हट्ट, हा त्यांचा साचा. हॉली जॅक्सन हिच्या २०१९ च्या ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’मध्ये पिप ही शाळकरी मुलगी शाळेच्या प्रकल्पाच्या निमित्ताने गावातले एक जुने खून प्रकरण उकरून काढते. अँजी थॉमस हिच्या २०१७ च्या ‘द हेट यू गिव्ह’मधली स्टार पोलिसाच्या गोळीने मित्र मेल्याचे डोळ्यांनी पाहते, आणि साक्ष द्यायची की गप्प बसायचे हा तिचा पेच होतो. या कादंबऱ्यांतला थरार पाठलागांतून येतो त्याहून जास्त नायिकेच्या लहानपणातून येतो. तिच्याजवळ गाडी नाही, पैसा नाही, वकील नाही आणि तिचे म्हणणे कुणी खरे धरत नाही. तीस वर्षांच्या गुप्तहेराला जे एका फोनवर मिळते, त्यासाठी तिला तीन प्रकरणे झगडावे लागते.

असे कथानक आपल्याकडे शोधायचे तर मला तरी व्यापमइतके भरलेले दुसरे सुचत नाही. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाचे हे हिंदी लघुरूप. पीएमटी ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हेच मंडळ घेई. ७ जुलै २०१३ च्या पीएमटीच्या आदल्या रात्री इंदूर पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले आणि दुसऱ्यांच्या नावावर पेपर द्यायला आलेले वीस जण पकडले. तिथून धागा उसवत मंडळाच्या संगणक कक्षापर्यंत आणि पुढे एका माजी मंत्र्यापर्यंत गेला. ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातल्या अनेक विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले, कित्येकांना अटक झाली. ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळी प्रकरणे सीबीआयकडे सोपवली.

पद्धती तीन होत्या. एक, तोतया बसवणे. दुसरी, उत्तरपत्रिका कोरी ठेवून नंतर मंडळात भरून घेणे. तिसरी मात्र कादंबरीकाराने हेवा करावा अशी. तिला ‘इंजिन-बोगी’ म्हणत. हुशार मुलगा, म्हणजे ‘स्कोरर’, हे इंजिन. पैसे भरलेला उमेदवार ही बोगी. आसनक्रमांक संगणकाने कसेही वाटून द्यायचे असतात. तिथे हात घालून इंजिनामागे बोगी जोडली जाई. दोघे शेजारी बसत, एक लिही, दुसरा बघून काळे गोल भरी. वर्गात ना दंगा, ना चिठ्ठ्या, ना मोबाइल. पर्यवेक्षकाला दिसत असतील ती फक्त खाली माना घालून बसलेली मुले.

हे पकडले कसे गेले, त्यात तर अस्सल रहस्यकथेचा दुवा आहे. दोन मुलांची बरोबर उत्तरे जुळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, बरोबर उत्तर एकच असते. पण चुकीचे पर्याय तीन असतात. शेजारच्या दोघांनी प्रश्नामागून प्रश्न तोच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर तो योगायोग किती वेळा मानायचा? क्रमांकांच्या जोड्या आणि जुळलेल्या चुका यांवर मंडळाने प्रवेश रद्द केले, आणि न्यायालयांत खल झाला तो याच पुराव्यावर. शेरलॉक होम्सचे घराणे इंग्रजांचे, पण ‘दोघे चुकले कुठे ते पाहा’ हा धडा गणिताच्या कुठल्याही मराठी मास्तरांना पाठ असतो.

आता नायक. ग्वाल्हेरचे आशिष चतुर्वेदी तेव्हा समाजकार्य शिकत होते. किशोरवय ओलांडलेले, पण विद्यार्थीच. आईला कर्करोग झाला होता. उपचारांच्या निमित्ताने रुग्णालयात वावरताना काही तरुण डॉक्टरांना साध्या गोष्टीही येत नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. हे लोक डॉक्टर झाले कसे, या प्रश्नापासून त्यांनी माहिती जमवायला सुरुवात केली. पुढे तक्रारी झाल्या, धमक्या आल्या, पोलीस संरक्षण मिळाले. पण चतुर्वेदी फिरत सायकलवरून. त्यामुळे ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर २०१५ च्या सुमारास असे दृश्य दिसे की व्यापम उघडकीला आणणारा तरुण पॅडल मारतो आहे आणि त्याचा अंगरक्षक मागे कॅरिअरवर बसला आहे. देशभरच्या छायाचित्रकारांनी ते टिपले. कुठल्याही कादंबरीकाराने हे कल्पनेने लिहिले असते, तर संपादकाने ‘जरा अति होतंय’ असा शेरा मारला असता.

सायकल म्हटल्यावर मराठी वाचकाला एकच नाव आठवते, बनेश ऊर्फ फास्टर फेणे. त्याचे जनक भा. रा. भागवत जन्मले ते इंदुरात, १९१० साली. माळव्यातल्या मराठी घरांतून आलेल्या या माणसाने फुरसुंगीच्या पोराला पुण्याच्या विद्याभवनात घातले आणि तिथून थेट प्रतापगडावर अन् गुलमर्गला पिटाळले. १९८७ मध्ये सुमीत राघवन दूरदर्शनवर फेणे झाला. भागवतांच्या नायकाचा मोठा गुण म्हणजे तो गप्प बसत नाही. पण त्या कथांचा एक करार असतो: मुलाने पुरावा शोधायचा, आणि शेवटी पोलीस येऊन चोरांना घेऊन जायचे. मोठ्यांचे जग उशिरा जागे होते, तरी मुळात ते चांगले असते. बेचाळीसच्या लढ्यात स्वतः तुरुंग पाहिलेल्या लेखकाने स्वतंत्र देशातल्या मुलांना तो विश्वास दिला, त्यात मला भाबडेपणापेक्षा इच्छाच जास्त दिसते.

हा करार मोडायचा प्रयत्न झाला तो पडद्यावर. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. त्यात अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला आहे. एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो, ते त्याला पटत नाही, आणि शोध त्याला परीक्षेभोवतीच्या काळ्या धंद्यापर्यंत नेतो. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत म्हणून वावरतात, ही गंमत वेगळीच. पुस्तकांत मात्र ही वाट फारशी कुणी चालले नाही. परीक्षा, क्लास, फी, दलाल हे आपल्या किशोरांचे रोजचे जग. आपली रहस्यकथा अजून गड, गुहा आणि तस्करांतच रमलेली. २०२४ मध्ये नीटच्या प्रकरणात लातूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना अटक झाली, तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यातच येऊन बसला.

लिहिणाऱ्याने नायकाच्या हाती द्यायचे काय? पिस्तूल नको, हॅकिंग तर मुळीच नको. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. २००५ च्या कायद्यात नागरिकत्वाची अट आहे, वयाची नाही. लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये विचारले होते की गांधीजींना राष्ट्रपिता ही उपाधी कोणत्या आदेशाने दिली. सरकारला असा कागद सापडला नाही. आपल्या कामाचे उदाहरण तर याहून नेमके आहे. २००८ मध्ये सीबीएसईची शालान्त परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने गुण पाहून स्वतःच्या उत्तरपत्रिका बघायला मागितल्या. मंडळाने नकार दिला. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी निकाल लागला: तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. शाळकरी पोराने मागितलेला कागद आणि त्यावर थेट दिल्लीचा निकाल. यात थरार नाही असे कोण म्हणेल? जॅक्सनची पिपही पोलिसांकडे असाच अर्ज करते, ते उगीच नाही.

धोक्याची बाजूही खोटी रंगवायची गरज नाही. व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ मध्ये संमत झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अमलात आलाच नाही. साक्षीदार संरक्षण योजना आली ती २०१८ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली तेव्हा. व्यापमशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंचे आकडे कुणी काही सांगते, कुणी काही. सीबीआयला त्यांतल्या अनेकांत घातपात आढळला नाही. वाचकाला प्रत्येक मृत्यूमागे खुनी हवा असतो. चांगल्या लेखकाने इथे मोह आवरावा, कारण ‘काही आढळले नाही’ हे उत्तर मिळालेल्या घराची गोष्ट खुनाच्या उकलीपेक्षा अवघड आहे आणि खरी आहे.

सगळ्यात कठीण पात्र मात्र बोगीचे. तीही सतराचीच. बापाने जमीन विकून दलालाला पैसे दिले, परीक्षेच्या दिवशी ‘शेजारच्याचे बघ’ एवढेच सांगितले. २००८ ते २०१२ मध्ये असे प्रवेश घेतलेल्या ६३४ जणांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायमूर्तींचेही एकमत झाले नाही. मे २०१६ मध्ये न्या. चेलमेश्वर यांचे मत पडले की शिक्षण पूर्ण होऊ द्यावे आणि मग पाच वर्षे नियमित पगाराविना सैन्यदलांत सेवा घ्यावी. समाजाला निदान डॉक्टर तरी मिळतील. न्या. सप्रे यांना ते मान्य नव्हते. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सरन्यायाधीश खेहर यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने सवलत नाकारली आणि सगळे प्रवेश रद्द राहिले. मला स्वतःला तीन न्यायमूर्तींचा निकाल पटतो, पण कादंबरी लिहायची तर मी चेलमेश्वरांचे निकालपत्र टेबलावर उघडे ठेवीन. खलनायकही अल्पवयीन असेल तर न्याय मागणाऱ्या नायकाने नेमके मागायचे काय, हा प्रश्न तिथे विचारला गेला आहे.

मंडळाचे नाव आता दोनदा बदलले आहे. २०२४ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय परीक्षांतल्या संघटित गैरप्रकारांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड ठेवला. ६३४ प्रवेश रद्द झाले, पण त्या जागा ज्यांच्या होत्या त्यांना त्या मिळाल्या नाहीत. तितक्या वर्षांनी मिळणे शक्यही नव्हते. २००९ मध्ये यादीखाली राहिलेला तो मुलगा आज तिशी ओलांडून गेला असेल, औषधांच्या दुकानात असेल, बँकेत असेल. शेवटच्या प्रकरणात त्याला कुणी सांगायचे की नाही, हे लेखकाला पहिल्या पानाआधी ठरवावे लागेल.