अकरा खाटा आणि दोन टेबलं

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल ठेवलं, की आधी लक्ष जातं ते टेबलांकडे. प्रत्येक सर्जनच्या वाट्याला दोन टेबलं. एका टेबलावरच्या रुग्णाचा मोतीबिंदू काढून भिंग बसवणं चालू असतं, तेव्हा दुसऱ्या टेबलावरचा रुग्ण डोळा स्वच्छ करून, चेहरा झाकून तयार असतो. पहिली शस्त्रक्रिया संपते, सर्जन सूक्ष्मदर्शक शेजारी वळवतो आणि दुसरी सुरू करतो. तोवर पहिल्या रुग्णाला पट्टी बांधून बाहेर नेलेलं असतं आणि तिसरा त्याच्या जागी आलेला असतो. तासाला सहा-आठ शस्त्रक्रिया होतात, तरी कुठे धावपळ नाही, आरडाओरडा नाही.

ही शिस्त जिथून सुरू झाली, ते ठिकाण मात्र साधं होतं. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यांनी मदुराईत एका घरात ११ खाटांचं रुग्णालय सुरू केलं. कर्ज मिळेना, तेव्हा घरातले दागिने गहाण पडले. बहीण डॉ. नाचियार आणि मेहुणे डॉ. नंपेरुमालसामी हे दोघे नेत्रतज्ज्ञ सोबतीला आले, भाऊ श्रीनिवासन यांनी बांधकाम आणि हिशेब सांभाळले.

डॉ. वेंकटस्वामींना सगळे ‘डॉ. व्ही.’ म्हणत. १९१८ साली तमिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात त्यांचा जन्म झाला. सैन्यात डॉक्टर म्हणून काम करताना ऐन तिशीत संधिवाताने त्यांना इतकं घेरलं, की नोकरी सोडावी लागली आणि हातांची बोटं कायमची वाकडी झाली. बाळंतपणं करणारा डॉक्टर होण्याचा त्यांचा मनसुबा तिथेच संपला. ते नेत्रशास्त्राकडे वळले. वाकड्या बोटांना पेलतील अशी हत्यारं बनवून घेतली आणि त्याच हातांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

पण डॉ. व्हीं.ना एक गोष्ट लख्ख दिसत होती. त्यांनी दिवसरात्र एक केले असते, तरी देशातल्या आंधळेपणापुढे ते थेंबाएवढंच ठरलं असतं. भारतातल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू होतं, तो बरा होणारा होता आणि तो काढणारे सर्जन मूठभर होते. हुशार सर्जन आणखी कुठून आणायचे, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आहेत त्या सर्जनांचा वेळ जातो कुठे, हा प्रश्न मात्र सोडवता येण्यासारखा होता.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्यांना मॅकडोनाल्ड्स आठवे. अमेरिकेत पाहिलेल्या त्या दुकानांची मोठी छाप त्यांच्यावर पडली होती. पदार्थ सगळीकडे सारखाच, कामाची पद्धत ठरलेली आणि साध्या घरातली मुलंमुली शिकून ती पद्धत चोख पाळतात. बर्गर जगभर पोहोचतो, तर दृष्टी का पोहोचू नये, असं ते विचारत. रुग्णालयाला त्यांनी नाव दिलं ते योगी अरविंदांचं. सेवा आणि कार्यपद्धती या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी वेगळ्या नव्हत्याच.

मग त्यांनी कामाची फोड केली. शस्त्रक्रिया आणि निदान सर्जनने करायचं. नजर तपासणं, डोळ्याचा दाब मोजणं, औषध घालणं, थिएटरमध्ये हत्यारं हाती देणं, चष्म्याचा नंबर काढणं, रुग्णाला धीर देऊन सगळं समजावून सांगणं, हे शिकवून इतरांना येऊ शकतं. या कामांसाठी अरविंदने आसपासच्या खेड्यांतल्या शाळा संपवलेल्या मुली निवडल्या. त्यांना दोन वर्षांचं प्रशिक्षण दिलं जातं आणि त्या काळात विद्यावेतनही मिळतं. आज रुग्णालयाच्या मनुष्यबळात निम्म्याहून अधिक वाटा या मुलींचा आहे. सर्जन वर्षाला सुमारे दोन हजार मोतीबिंदू काढतो, म्हणजे देशातल्या सर्वसाधारण सर्जनच्या कित्येक पट, तो त्यांच्या बळावर.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले आणि गावाने निवडलेल्या बायकांच्या हाती आरोग्याची पहिली सूत्रं दिली. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. आजार वेगळे, माणसं वेगळी, पण डॉक्टरकडचं ज्ञान डॉक्टरपाशीच अडकू द्यायचं नाही हा निर्णय एकच.

पैशाचं गणितही याच फोडीतून सुटलं. सर्जनचा वेळ वाया जात नाही, यंत्रं रिकामी राहत नाहीत, त्यामुळे एका शस्त्रक्रियेमागचा खर्च उतरतो. ज्यांना परवडतं ते पैसे भरतात, त्यांच्या शिलकीतून बाकीच्यांचं भागतं. जवळपास निम्म्या शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होतात. गरिबीचा दाखला कोणी मागत नाही. मोफत विभागात जायचं की पैसे भरायच्या, हे रुग्णाने स्वतः ठरवायचं. खोली आणि सोयी बदलतात, पण सर्जन तेच असतात. ते दोन्ही विभागांत आळीपाळीने काम करतात.

गाडी एका जागी मात्र अडली होती, ती भिंगापाशी. मोतीबिंदू ‘पिकला’ की मगच काढायचा, असं जुनी माणसं सांगत. त्यामागे कारण होतं. त्या काळी नैसर्गिक भिंग काढल्यावर त्याच्या जागी काही बसवत नसत. बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा नशिबी यायचा आणि तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्याच्या आत बसवायचं भिंग आलं आणि चित्र पालटलं, पण परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. मोफत शस्त्रक्रियेत ते कसं परवडायचं? दान म्हणून आलेली भिंगं कधी येत, कधी येत नसत. अखेर १९९२ साली अरविंदने ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना काढला. किंमत दहा डॉलरच्या आसपास आली आणि पुढे आणखी उतरली. आज ऑरोलॅबची उत्पादनं शंभराहून अधिक देशांत जातात. रुग्णालयाने कारखाना काढावा हे धाडस होतं, पण ज्या वस्तूवाचून काम अडतं तिच्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचं नाही, असं ठरल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता.

याच सुमाराला देशाचं धोरणही बदलत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीच सुरू झाला होता. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रही होता. शाळेच्या वर्गात किंवा मांडवात शस्त्रक्रिया उरकायची पद्धत मागे पडली. शिबिरात फक्त तपासायचं आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करायची, हा रिवाज रुळला.

शिबिरांनी अरविंदला आणखी एक धडा दिला. शस्त्रक्रिया फुकट असूनही ती सुचवलेल्यांपैकी पुष्कळ जण फिरकत नसत. घरी जाऊन विचारलं, तेव्हा उमगलं की ‘फुकट’ हा शब्द अपुरा आहे. बसचं भाडं, तिथलं जेवण, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी आणि त्यावर डोळ्याला हत्यार लागण्याची भीती. मग शिबिराच्याच दिवशी बसमध्ये बसवून न्यायचं, राहण्या-जेवण्याची सोय करायची आणि घरी आणून सोडायचं, असं ठरलं. एका गावचे दहा-पंधरा जण एकत्र निघाले, की भीतीही वाटून घेतली जाते.

इतक्या झपाट्यात गुणवत्तेचं काय होतं, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर नोंदवहीत सापडतं. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर दृष्टी घेऊन जातो. अरविंदमध्ये अशा प्रत्येक रुग्णाची नोंद होते, कोणाच्या हातून काय घडलं ते तपासलं जातं. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक सोडायला सुरुवात केल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेतला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं होतं. दहा हजारांत सात जणांऐवजी दोन. एवढा बारीक फरक दिसायला एवढी मोठी संख्या लागते आणि ती नीट लिहून ठेवणारी संस्थाही लागते.

हा नमुना उचलून कुठेही बसवता येईल, असं मात्र नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोटी, आधी ठरवून करण्याजोगी आणि बरीचशी एकसारखी असते. अपघात विभागात मध्यरात्री येणारा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण वेळापत्रक पाहून येत नाही. तिथे माणसं आणि खाटा राखूनच ठेवाव्या लागतात, म्हणजे काही वेळ त्या रिकाम्या राहणारच. पण आपल्या जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत अर्धा दिवस उभा असलेला म्हातारा आणि आत फॉर्म भरत बसलेला तज्ज्ञ डॉक्टर, या दोघांसाठी ‘डॉक्टरचा वेळ जातो कुठे’ हा अरविंदचा प्रश्न तितकाच लागू आहे.

अरविंदने आपली पद्धत कुलूप लावून ठेवली नाही. तीनशेहून अधिक नेत्र रुग्णालयांना त्यांनी ती शिकवली आहे. नोंदी कशा ठेवायच्या, उद्या किती रुग्ण येतील याचा अंदाज कसा बांधायचा, थिएटर कसं लावायचं, हे सगळं त्यात येतं. २००६ साली डॉ. व्ही. गेले. काम थांबलं नाही. नंतरच्या वर्षांत अरविंदच्या रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियांचा आकडा वर्षाला चार लाखांच्या पुढे गेला.

आणि तरीही आपण पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनीच मोजून पाहिलं होतं. शिबिरांच्या टापूतल्या खेड्यांची पाहणी केली, तेव्हा डोळ्यांची तक्रार असलेल्या मोठ्या माणसांपैकी जेमतेम सात टक्के शिबिरात आल्याचं दिसलं. यश मोजायला रुग्णालयातली गर्दी पुरेशी होती. पण त्यांनी घरी राहिलेल्यांची संख्या काढली आणि २००४ पासून गावांच्या तोंडाशी छोटी दृष्टी केंद्रं उघडायला घेतली. आज ती शंभराच्या वर आहेत. एखाद-दोन खोल्या, तपासणीची यंत्रं आणि अरविंदमध्ये शिकलेल्या दोघी-तिघी. त्यांतली एक शेतावरून आलेल्या बाईचा डोळा तपासते, त्याचं छायाचित्र पाठवते, आणि दूरच्या रुग्णालयात बसलेला डॉक्टर पडद्यावर त्या बाईशी बोलू लागतो. बहुतेकींना चष्मा किंवा थेंब पुरतात, त्या तिथूनच परत घरी जातात. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज असते, त्यांचीच नावं पुढे जातात, त्या दोन टेबलांपर्यंत.