फुफ्फुसाचा कर्करोग : माती तपासतो, तशी गाठही तपासा



दर अंकात आपण लागण, खोडवा, ठिबक आणि उसाच्या बिलाचे हप्ते यांवर बोलतो. या खेपेस जरा निराळा विषय घेतला आहे. विषय जड आहे खरा, पण तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे, म्हणून टाळता येत नाही.

सोलापूर-पुणे रस्त्यावरची चिंचोळी एमआयडीसी आपल्याला परकी नाही. औषधांचा कच्चा माल, रसायने, मोटारींचे कॅमशाफ्ट असे नाना कारखाने तिथे आहेत. आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरातला एक तरी गडी तिथे पाळीवर जातो. सुट्टीच्या दिवशी तोच उसाला पाणी धरतो. अशाच एका घरातली ही हकिगत. नाव-गाव सांगत नाही.

सभासदाचा धाकटा भाऊ. वय ४५ च्या आतबाहेर. माळकरी माणूस, उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही. खोकला सुरू झाला, वजन उतरू लागले. एका दवाखान्यात थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिने त्यातच गेले. पुढे मोठ्या इस्पितळात फोटो निघाला, गाठीचा तुकडा काढला. फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी तुकडा आणखी एका तपासणीला पाठवला. कागद आला, त्यावर लिहिले होते की ‘ईजीएफआर जनुकात बदल आढळला.’

डॉक्टर म्हणाले, त्यातल्या त्यात बातमी बरी आहे. गावात मात्र उलटेच झाले. ‘जनुक’ म्हंजे आनुवंशिक, असा अर्थ लोकांनी काढला. थोरल्या भावाच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती थांबली. ‘रक्तातच दोष हाय म्हणत्यात, मग कसं करायचं?’ असा निरोप आला. थोरला भाऊ तो कागद घेऊन आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, ‘साहेब, ह्यात माझ्या पोरीचं काय लिहिलंय, तेवढं सांगा.’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला जे कळले, ते सर्वांना सांगावे म्हणून हा लेख.

जनुकातला बदल म्हंजे काय?

शरीरातल्या प्रत्येक पेशीत वाढीचे हुकूम लिहिलेले असतात, त्यांना जनुके म्हणतात. ईजीएफआर हे त्यांतलेच एक. ‘वाढ’ आणि ‘थांब’ हे निरोप पेशीला त्यामार्फत पोहोचतात. फुफ्फुसातल्या एखाद्या पेशीत हे जनुक बिघडले, तर पाण्याच्या मोटारीचे बटण चालूच अडकून राहावे तसे होते. पेशी वाढत राहते आणि गाठ होते.

आता महत्त्वाची गोष्ट. हा बिघाड त्या गाठीतल्या पेशींत, त्या माणसाच्या हयातीत झालेला असतो. तो आईबापाकडून आलेला नसतो आणि पोराबाळांकडे जात नाही. क्वचित काही घराण्यांत कर्करोगाचा कल जन्मजात असतो, पण तो निराळा प्रकार आणि त्याची तपासणीही निराळी. सर्वसाधारण ईजीएफआरच्या कागदावरून भावाला, पुतणीला किंवा लेकराला दोष लावणे म्हंजे एका सरीतल्या एका उसाला कीड लागली म्हणून सगळ्या गावाचे बेणे नाकारण्यासारखे आहे. त्या मुलीबद्दल त्या कागदात एक अक्षरही नव्हते.

या तपासणीने काय बदलले?

पूर्वी पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाला सगळ्यांना एकच उपचार होता, तो म्हंजे सलाइनमधून देण्याची केमोथेरपी. माती न तपासता सगळ्या शिवाराला एकच खत टाकावे तसे ते होते. २००४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना दिसले की जेफिटिनिब ही गोळी काही रुग्णांना झपाट्याने लागू पडते, कारण त्यांच्या गाठीत ईजीएफआरचा ठरावीक बदल असतो. पुढे २००९ साली आशियातल्या रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बदल असलेल्यांना गोळीने केमोपेक्षा जास्त गुण आला. बदल नसलेल्यांना त्याच गोळीने केमोपेक्षा कमी गुण आला. म्हणून अंदाजाने गोळी देणे चुकीचे. आधी परीक्षण, मग मात्रा.

आपल्याकडे अॅडेनोकार्सिनोमा नावाच्या प्रकारात साधारण चार रुग्णांमागे एकाला ईजीएफआरचा बदल आढळतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत तो जास्त दिसतो, पण ओढणाऱ्यांतही सापडतो. तेव्हा ‘हा विडी ओढायचा, याची तपासणी कशाला?’ असे म्हणू नये. एएलके नावाचा दुसरा बदल थोड्यांत असतो. तो २००७ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधला आणि त्यावरही गोळ्या आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळाने आपल्याच ३५० रुग्णांवर एक चाचणी केली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. ईजीएफआरचा बदल असलेल्या निम्म्या रुग्णांना नुसती जेफिटिनिब दिली, निम्म्यांना जेफिटिनिबबरोबर केमोही दिली. नुसत्या गोळीवर रोग साधारण ८ महिने आवरला, दोन्ही मिळून १६ महिने. दोन्ही उपचारांत त्रास मात्र जास्त झाला, हेही त्यांनी लपवले नाही. पुढे ऑसिमर्टिनिब ही नवी गोळी आली. तिच्या जागतिक चाचणीत रुग्णांचे मध्यमान आयुष्य ३८.६ महिने भरले, जुन्या गोळ्यांवर ते ३१.८ महिने होते.

मध्यमान म्हंजे काय, तेही समजून घ्या. शंभर प्लॉटचे उतारे चढत्या क्रमाने मांडले, तर बरोबर मधला जो येईल तो. निम्मे त्याच्या खाली, निम्मे वर. कुणा एकाच्या आयुष्याची ती मुदत नव्हे.

आणि खोटी आशाही नको. पसरलेला रोग गोळीने बहुधा मुळासकट जात नाही. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की काही तण त्याला दाद देत नाही. तसेच गाठीतल्या काही पेशी गोळीला दाद देईनाशा होतात. मग पुन्हा तपासणी आणि पुढचे औषध. पण मधला काळ माणूस खातो-पितो, हिंडतो-फिरतो, घराची घडी बसवतो. त्याचे मोल कमी नाही.

चिंचोळीतल्या कामामुळे झाले का?

हा प्रश्न त्या घरातही निघाला. ईजीएफआरचा कागद त्याचे उत्तर देत नाही. गाठ कशाची आहे ते तो सांगतो, कशामुळे झाली ते सांगत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे कारण विडी-सिगारेट हेच. विडीला सिगारेटपेक्षा सौम्य समजू नका. डिझेलचा धूर आणि हवेचे प्रदूषण यांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ आणि २०१३ साली कर्करोगाच्या पक्क्या कारणांत घातले आहे. चुलीचा धूर कोंडणारे स्वयंपाकघरही बायाबापड्यांच्या छातीला घातकच. तेव्हा कामावर दिलेला मास्क खिशात न ठेवता तोंडाला लावा, आणि उसाचे पाचट पेटवू नका. पाचट आच्छादनाला ठेवले तर जमीन सुधारते आणि धूरही होत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही

बार्शीला ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदणी १९८७ पासून होत आली आहे. देशातला तसला तो पहिला प्रयत्न. तिथल्या डॉक्टरांनी टाटा इस्पितळ आणि जागतिक संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हंजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी विषाणूचे जनुकीय द्रव्य एकदाच तपासले, तर त्या रोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास येतात, असे २००९ साली त्यातून दिसले. ते निकाल जगभर वाचले गेले. खेड्यातल्या बायकांनी तपासणीला भिऊन पाठ फिरवली असती, तर ते कळलेच नसते.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. तीन आठवड्यांवर खोकला राहिला, थुंकीत रक्त आले किंवा वजन उतरले, तर थुंकी आणि छातीचा फोटो दोन्ही तपासून घ्या. क्षयाच्या गोळ्यांनी गुण येत नसेल, तर पुन्हा विचारा.

२. तुकडा काढल्याने गाठ पसरते, ही समजूत सोडा. तुकड्याशिवाय उपचार ठरत नाही.

३. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. दुसऱ्या इस्पितळात जाताना ठोकळा आणि कागद मागून घ्या. तुकडा अपुरा असेल, तर काही वेळा रक्तावरूनही तपासणी होते. पण रक्तात बदल दिसला नाही म्हंजे तो नाहीच, असे नव्हे.

४. जमीन विकायला किंवा खाजगी सावकाराकडे जाण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. देशी कंपन्यांची जेफिटिनिब मूळ कंपनीच्या औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

५. गोळी चालू असता अंगावर पुरळ आणि जुलाब होतात, त्यावर औषध आहे. एकाएकी दम लागला, तर मात्र तडक डॉक्टर गाठा. मनाने गोळी बंद करू नका.

राहिली ती हकिगत. आम्ही वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत सगळे उलगडून सांगितले. बाहेर आल्यावर ते गृहस्थ थोरल्या भावाला म्हणाले, ‘पाव्हणं, आमचं चुकलं. कागद वाचता येईना, म्हणून माणूस वाचायचं राहिलं.’ सुपारी फुटली. धाकटा भाऊ गोळ्यांवर आहे, त्याला चौदा महिने झाले. कामावर जात नाही, पण मोळी टाकायच्या दिवशी गव्हाणीपाशी उभा होता. पुढचा फोटो दिवाळीनंतर आहे. काय निघेल ते आज कुणी सांगू शकत नाही. लग्नाची तारीख मात्र त्याच्या अंदाजाने अलीकडची धरली आहे.

— संपादक मंडळ