दुसरी कॅसेट

माझा मावसभाऊ मुंबईला शिकायला होता. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी कोल्हापुरात उतरला की आंघोळीच्या आधी तो पिशवी उघडायचा. पिशवीतून पुस्तकांच्या आधी कॅसेटी निघायच्या. १९९१ च्या दिवाळीत निघालेल्या एका कॅसेटवर बँडचं नाव होतं ‘रॉक मशीन’ आणि अल्बमचं नाव ‘द सेकंड कमिंग’. आतल्या कागदाची घडी उलगडून मी नावं वाचायला लागलो. परदेशी नावं वाचायची तयारी होती. निघाले उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया.

“दादा, हे आपल्याकडचे?”

“मुंबईचे. आणि सगळी गाणी त्यांची स्वतःची आहेत.”

‘स्वतःची’ या शब्दावर त्यानं किती जोर दिला होता, ते मला आजही आठवतं. त्याचं मोल कळायला मात्र पुढं बरीच वर्षं गेली.

त्या काळात भारतात रॉक वाजवणं म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणं. १९७० आणि ७१ साली ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या तबकड्या निघाल्या होत्या, अधूनमधून कुणी स्वतःचं काही रेकॉर्डही करत होतं. पण कॉलेजच्या महोत्सवात मंचावर चढलेल्या बँडकडून लोकांना हवं असायचं डीप पर्पल, लेड झेपेलिन. मूळ गाण्याशी जितकं तंतोतंत, तितक्या टाळ्या. यात कमीपणा नव्हता. आपल्याकडं नाट्यपदं गाणारे किती गायक असेच घडले. पण नाट्यपद गाणाऱ्याला ख्याल स्वतः मांडावा लागतोच, तेव्हाच तो गवई ठरतो. रॉकवाल्यांना ती संधी द्यायला ऐकणारे तयार नव्हते.

रॉक मशीन १९८४ साली मुंबईत सुरू झाला तो याच वातावरणात. आधी त्यांनीही इतरांचीच गाणी वाजवली आणि उत्तम वाजवली. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे तेव्हा मुंबईच्या रॉकचं घर. डोक्यावर छप्पर नाही, समोर हजारो पोरं. १९८६ साली फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि दर वर्षी तरुण पोरांची जत्राच भरू लागली. अशा गर्दीपुढं अनोळखी गाणं वाजवायला छाती लागते. आरडाओरडा होतो, ओळखीच्या गाण्याची फर्माईश होते. या मुलांनी ती जोखीम घेतली. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. सगळी गाणी स्वतःची असलेला भारतीय रॉक अल्बम ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. पण खरी परीक्षा पुढं होती, आणि ती नेहमी दुसऱ्या अल्बमचीच असते.

कोल्हापूरकराला हे कुस्तीच्या भाषेत लगेच कळेल. नवा पैलवान पहिली मोठी कुस्ती मारतो तेव्हा त्याचे डाव कुणाला माहीत नसतात. दुसऱ्या खेपेला तो खासबाग मैदानाच्या मातीत उतरतो तेव्हा समोरच्याला त्याची पकड ठाऊक असते, गर्दीला त्याचं नाव ठाऊक असतं आणि अपेक्षा दुप्पट झालेली असते. बँडचंही तसंच. पहिल्या अल्बममध्ये पाच-सात वर्षांत साठलेली गाणी येतात. दुसऱ्यासाठी हातात वर्ष-दीड वर्ष, त्यात दौरे, नोकरीधंदा, घरच्यांचे प्रश्न. मँचेस्टरच्या ‘द स्टोन रोझेस’चा १९८९ चा पहिला अल्बम अजूनही लोक डोक्यावर घेतात. दुसरा यायला पाच वर्षांवर काळ गेला आणि त्याचं स्वागत थंड झालं. त्या अल्बमचं नाव ‘सेकंड कमिंग’. म्हणजे तेच नाव मुंबईच्या मुलांनी चार वर्षं आधी वापरलेलं! उलट लेड झेपेलिननं दुसरा अल्बम १९६९ मध्ये दौऱ्यावर असताना, सापडेल त्या स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि तो ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडं पहिल्या क्रमांकावर गेला. ‘निर्वाणा’ बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हाही दुसराच अल्बम. तो सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या पहिल्या जागेवरून हलवलं.

‘द सेकंड कमिंग’ आला १९९० मध्ये. नावात येट्सची प्रसिद्ध कविता आहे, ख्रिस्ताच्या पुनरागमनाची कल्पना आहे आणि सरळ अर्थानं ‘आम्ही परत आलोय’ हेही आहे. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला कळला तो आवाज.

आमच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. घरचा टेपरेकॉर्डर बिघडला की तिथं न्यायचा आणि दुरुस्त झाला की आठवडाभर तिथंच राहायचा. पहिल्यांदा ही कॅसेट मी पूर्ण ऐकली ती तिथं, रविवारी, मशिनं बंद असताना. वडिलांचा कान मशिनांवर तयार झालेला. बेअरिंग जायला आलंय की पट्टा सैल झालाय, हे ते दारातूनच आवाजावरून सांगायचे. त्यांना इंग्रजी गाण्याचं प्रेम नव्हतं, पण ते उठून गेले नाहीत. ‘टॉप ऑफ द रॉक’ संपल्यावर म्हणाले, “ढोलवाला आणि तो खालच्या सुरातला, दोघं एका शाफ्टवर आहेत.” खालच्या सुरातला म्हणजे बेस. रॉकमधल्या ड्रम्स आणि बेसच्या नात्याचं याहून नेमकं वर्णन मी त्यानंतर कुठं वाचलेलं नाही. दोन गिटारी इकडून तिकडं धावत असतात, कीबोर्ड त्यांच्यामागं आभाळासारखा पसरतो, वर उदय बेनेगलचा उंच, ताणलेला आवाज. हे सगळं ज्यावर फिरतं तो शाफ्ट खाली असतो.

मग आलं ‘प्रिटी चाइल्ड’. संथ गाणं. या गाण्यानं हा अल्बम देशभर नेला, असं म्हटलं तरी चालेल. आक्रमक वाजवणाऱ्या बँडला हळू वाजवता येतं का, यावर त्याची खरी पारख होते, असं माझं मत आहे. मोठ्या आवाजात चुका झाकता येतात, संथ गाण्यात प्रत्येक स्वर उघडा पडतो. या गाण्यात बँडनं घाई केली नाही. शब्द पूर्ण समजत नव्हते, तरी दुसऱ्या वेळेपासून आम्ही ते गुणगुणायला लागलो. पहिल्या अल्बमनं स्वतःची गाणी वाजवायचा हक्क मागितला होता. दुसऱ्यानं ती गाणी ऐकणाऱ्यांच्या तोंडी बसवली. अमुक परदेशी बँडचं वाजवा म्हणणारी पोरं आता रॉक मशीनला रॉक मशीनचंच गाणं मागू लागली. या अल्बमचं यश मी यात मोजतो.

पण हे गाणं गावोगाव पोचलं कसं? १९९० मध्ये घरोघरी होतं ते दूरदर्शन आणि आकाशवाणी. दोन्हीकडं रॉकला जागा जेमतेम. म्हणून खरा रस्ता कॅसेटचा. फिलिप्सनं १९६३ साली बाजारात आणलेली ही प्लास्टिकची डबी. चार मिलिमीटरलाही थोडी कमी रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. दर्दी लोकांना तिचा खरखराट खपायचा नाही. पण गुलशनकुमारांसारख्या कॅसेटवाल्यांनी ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त केली की भजनापासून तमाशापर्यंत सगळं खेड्यापाड्यांत पोचलं, आणि त्याच वाटेनं थोडं रॉकही. तेव्हा आपल्याकडं रेकॉर्डिंग सेंटरं होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी यायचं. आमच्या भागातल्या दुकानात मी ही कॅसेट उतरवून घ्यायला नेली. दुकानदारमामांनी दोन गाणी ऐकली, आवाज वाढवला आणि विचारलं, “ही पोरं मुंबईची हायत? लई भारी वाजवत्यात.” मित्रांसाठी चार प्रती निघाल्या. बँडला त्यातला एक पैसा मिळाला नाही, हे मला आज लागतं. पण त्या चारांतल्या तिघांनी पुढं पैसे साठवून मूळ कॅसेट मागवली, हेही खरं.

आणि मग आकाशातून दुसरा रस्ता उघडला. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, त्यावर एमटीव्ही. केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकल्या आणि वर्ष-दोन वर्षांत शहराचं रूप पालटलं. हाँगकाँगहून दिसणाऱ्या त्या वाहिनीवर मायकल जॅक्सन आणि गन्स अँड रोझेसच्या मधोमध ‘प्रिटी चाइल्ड’ आणि ‘टॉप ऑफ द रॉक’ लागू लागली. शेजारच्या काकूंकडं केबल आधी आली होती. त्यांच्या बैठकीत आम्ही सात-आठ जण मांडी घालून बसलो होतो, काकू पोहे घेऊन आल्या आणि पडद्यावर आपल्यासारखी तोंडं बघून ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अल्बम १९९० चा, पण त्याचा खरा गाजावाजा झाला तो असा, पडदा आल्यावर. गाणी आधी तयार होती आणि ज्या खिडकीतून ती दिसायची ती खिडकी नंतर बसली. स्टारवर एमटीव्ही आला तेव्हा दाखवण्याजोगं, घडीव, स्वतःचं काम ज्या थोड्या भारतीय बँडांपाशी होतं, त्यांत हे पुढं होते. नशीब म्हणून हे सोडून देता येणार नाही. खिडकी उघडली तेव्हा घरात कुणीतरी असावं लागतं.

इंग्रजी रॉक हे मोठ्या शहरातल्या मोठ्या घरच्या मुलांचं, असं पुष्कळदा म्हणतात. बँड घडले शहरात, ते खरंच. पण ऐकणारे फक्त तिथले नव्हते. भारतीय रॉकला वाहिलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक १९९३ मध्ये अमित सैगल यांनी सुरू केलं ते अलाहाबादहून. आमच्या कोल्हापुरात तर कान आधीच तयार होता. अल्लादिया खाँसाहेबांचं हे गाव, देवल क्लबाचं गाव, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण याच गावात बेंजो पार्टी वाजते, तिचा मान आपण ठेवत नाही. बुलबुलतरंगाच्या जातीचा तो बेंजो, तारांवर पिकअप लावलेला, वायर ॲम्प्लिफायरमध्ये, ॲम्प्लिफायर गाडीवर, पुढं ताशे आणि ढोल. बेंजोवाला तार दाबून सूर खेचतो, आवाज फाटेपर्यंत चढवतो, आणि महाद्वार रोडवर पोरं बेभान होतात. विजेनं वाढवलेल्या, मुद्दाम फाडलेल्या तारेच्या सुरावर प्रेम करायला आम्ही गणपतीच्या मिरवणुकीत शिकलो होतो. महेश तिनईकरांची गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या तालमीतल्या बेंजोवाल्याला मी ती कॅसेट नेऊन दिली. त्यानं एक तुकडा दहा वेळा मागं घेऊन ऐकला. पुढच्या वर्षी मिरवणुकीत हिंदी गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत तो तुकडा वाजला. कोणाला कळलं नाही, आम्हा मित्रांना कळलं.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये बँडनं नाव बदललं, ‘इंडस क्रीड’. कुठल्याही देशातल्या बँडला शोभेल असं नाव टाकून सिंधूचं नाव घेतलं. माझ्या मते हा निर्णय दुसऱ्या अल्बमनं दिलेल्या धिटाईतून आला. स्वतःची गाणी लोक गातात हे कळल्यावर नावही स्वतःचंच हवं, असं वाटणं स्वाभाविक आहे. १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला आणि त्यातल्या ‘ट्रॅप्ड’ला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर, बालापोरिया पुन्हा एकत्र आले, नवे साथीदार घेतले, आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. त्याचं मिक्सिंग टिम पामरनं केलं, ज्यानं पूर्वी पर्ल जॅमच्या ‘टेन’चं केलं होतं. हे दोन्ही अल्बम वादनात जास्त पक्के आहेत, हे मला मान्य आहे. तरी मी दर वेळी ‘द सेकंड कमिंग’कडं परत जातो.

ती कॅसेट अजून घरी आहे. १९९४ च्या सुमारास टेपरेकॉर्डरनं तिची फीत खाल्ली. ‘प्रिटी चाइल्ड’च्या शेवटाजवळ बोटभर तुकडा चुरगळून काळ्या दोऱ्यासारखा झाला होता. मी रडवेला होऊन वर्कशॉपमध्ये गेलो. डबी चिकटवलेली होती, स्क्रू नव्हते. वडिलांनी सांध्यात ब्लेड घालून ती उघडली आणि स्क्रूच्या एका जुन्या रिकाम्या डबीत दोन्ही रिळं हलक्या हातानं बसवली. मग खराब तुकडा कापला, सरळ नाही, तिरका. “सरळ कापलं तर हेडवर एकदम ठोका बसतो, तिरकं कापलं की जोड सरकत जातो,” म्हणाले. मागून पातळ चिकटपट्टी लावली, नखानं घासून घेतली, पेन्सिल घालून फीत ताणली आणि बटण दाबलं. ठोका आला नाही. फक्त गाण्यातले दोन-तीन सेकंद गेले होते. आता तेच गाणं मोबाइलवर अखंड ऐकू येतं, तरी त्या जागेच्या जरा आधी माझी मान आपोआप पुढं जाते आणि मी त्या जोडाची वाट बघतो.